भुंगा गप्प होतो ती जागा

पेटीचे दोन खटके यतीनने सरळ उघडले. तिसरा त्याने आधी अंगठ्याने आत दाबला, मग किंचित डावीकडे सरकवला, तेव्हा कुठे तो निघाला.

तनया बघतच राहिली.

“तुम्हाला कसं कळलं काका? घरी आम्ही यासाठी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो.”

“जुन्या पेट्यांचं असंच असतं,” यतीन म्हणाला.

तसं काही नसतं. हा खटका बत्तीस वर्षांपूर्वी दिल्लीतल्याच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात यतीनच्याच हातून पेटी निसटली तेव्हा वाकला होता. पण ते सांगायचं म्हटलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि समोर बसलेली मुलगी सुनेत्राची होती. नोएडाहून निळ्या लाइनच्या मेट्रोने पेटी मांडीवर घेऊन आलेली, करोल बागेतल्या सीटकव्हरच्या दुकानावरचे दोन जिने चढून यतीनच्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात पोचलेली, अजून धापा टाकणारी. यतीनने तिला पाणी दिलं आणि पेटीचं झाकण वर केलं.

गिटार तीच होती. पूर्वी सायीच्या रंगाची होती, आता चहाच्या रंगाकडे झुकली होती. वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, तिथला रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं. तेवढी जागा सोडून यतीनने सगळीकडे हात फिरवला. मान सरळ आहे ना ते एक डोळा मिटून पाहिलं, खुंट्या फिरवून पाहिल्या. गिटारची प्रकृती उत्तम होती. कुणीतरी तिची बत्तीस वर्षं नीट काळजी घेतली होती.

तनयाने पिशवीतून दोन डबे काढून टेबलावर ठेवले. दोन्हींत गिटारला बसवायच्या पिकअपचे संच होते, एकाच जातीचे पण दोन वेगळ्या कंपन्यांचे. आईच्या वाढदिवसासाठी बाबांनी मागवलेत, असं तिने सांगितलं. बाबांची ही सवयच होती म्हणे. बूट असोत की मिक्सर, ते दोन मागवायचे, घरी पारखून बघायचे आणि एक परत पाठवायचे. आईचे डोळे मात्र गिटार पेटीत घालताना भरून आले होते, हे तिने त्याच दमात सांगून टाकलं, आणि सोमवारच्या आत एक डबा परत जायला हवा, हेही.

“आई म्हणाली, दोन्ही लावून बघायला सांग. म्हणाली, यतीनच्या कानावर सोडलंय.”

यतीन उठला आणि त्याने कुलर बंद केला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि कुलर तसा काही फार आवाज करत नव्हता.

तनयाचे बाबा म्हणजे विश्वजित. यतीनने त्यांना एकदाच पाहिलं होतं, पहाडगंजच्या कार्यालयात, त्यांच्या लग्नात. माइक आणि कर्ण्यांची जबाबदारी कॉलनीच्या रिवाजाप्रमाणे यतीनकडे आली होती. त्याने ती इतकी चोख पार पाडली की मंगलाष्टकांत एकदाही खरखर आली नाही. पुण्याचे पाहुणे येऊन त्याची पाठ थोपटून गेले. सुनेत्रा त्याच आठवड्यात पुण्याला गेली, तिथून बंगळूरला, आणि दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीने पुन्हा इकडे नोएडाला आली. दुकानात आजवर आली नव्हती.

दुकानाचा एक नियम होता. काही काढण्याआधी वस्तू आली तशी ऐकायची. प्रत्येक गिटारचं एक पिवळं कार्ड असायचं, त्यावर काय आलं, काय बसवलं, काय काढलं, आणि शेवटी शेरा. काढलेला सुटा भाग, अगदी गंजका स्क्रू असला तरी, पाकिटात घालून मालकाच्या हातात परत. यतीनचे वडील सरकारी खात्यातले होते आणि शेऱ्याशिवाय काम पूर्ण होत नाही हे त्यांच्याकडून त्याने उचललं होतं.

त्याने तनयाला फिरत्या स्टुलावर बसवलं, केबल लावली आणि अॅम्प्लिफायर चालू केला. तारेला हात लागण्याआधीच खोलीत घूंऽऽ असा आवाज भरला.

“भुंगा,” तनया हसून म्हणाली. “आई याला भुंगा म्हणते.”

यतीन कार्डावर तारीख घालत होता. त्याचं पेन आकड्यावरच थांबलं. हा शब्द त्याचा आणि सुनेत्राचा होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो आता फक्त आपल्यापाशी उरलाय.

भुंग्याचं कारण साधं असतं. गिटारच्या तारांखाली चुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. त्याला पिकअप म्हणतात. तारेचं थरथरणं तो पकडतो आणि अॅम्प्लिफायरकडे धाडतो. वेटोळं एकच असलं की नाद अगदी मोकळा आणि जवळचा येतो, पण असा पिकअप कानाचा फार हलका. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, ट्रान्सफॉर्मर, ज्याचं त्याचं कुजबुजणं, तेही तो पकडून पुढे सांगत सुटतो.

“वळून बघ जरा,” यतीन म्हणाला. “हळूहळू. हां, अजून. इथे थांब.”

स्टूल फिरलं, आवाज उतरत उतरत विझला. तनया आता बरोबर त्याच्या समोर तोंड करून बसली होती. यतीनने खाली वाकून, तिच्या पायांपाशी, फरशीवर खडूने एक बाण काढला. गिऱ्हाइकाला नेमकी दिशा कळावी म्हणून तो नेहमीच काढायचा. बाणाचं टोक त्याच्या स्वतःच्या चपलांकडे आलं होतं.

वडिलांच्या त्या क्वार्टरच्या मागच्या खोलीतही पूर्वी असंच झालं होतं. गिटार दोघांनी मिळून घेतलेली, पहाडगंजच्या एका हॉटेलातल्या परदेशी पोराकडून, त्याला घरी परतायची घाई होती म्हणून. अॅम्प्लिफायर यतीनने लजपतराय मार्केटमधून सुटे भाग आणून स्वतः जुळवलेला. त्याचा एक जोड कायम सैल असायचा, म्हणून यतीनला शेजारच्या लोखंडी ट्रंकेवर वायर धरून बसावं लागे. सुनेत्रा वाजवायची. भुंगा इतका की खालच्या मजल्यावरच्या बाई मोटार चालू राहिली का म्हणून विचारायला यायच्या. एक दिवस वाजवता वाजवता सुनेत्राने सहज जागा बदलली आणि भुंगा गप्प झाला.

“इथे बघ,” ती म्हणाली होती. “इथे बसलं की तो गप्प होतो.”

इथे म्हणजे यतीनच्या समोर. त्या दिवसापासून ती तशीच बसू लागली. रोज दोन-दोन तास, त्याच्याकडे तोंड करून. बोटांकडे बघायची तिला गरज नसायची, त्यामुळे ती समोर बघायची. यतीन वायरकडे बघायचा.

तिच्या लग्नाचं ठरायच्या आधीच्या आठवड्यात ती एकदा वाजवायची थांबली आणि तशीच बघत राहिली. यतीनच्या घशापर्यंत शब्द आले होते. पण त्याने स्वतःला समजावलं, की ही इथे बसते ती भुंग्यामुळे, उगाच भलता अर्थ काढून शोभा करून घेऊ नये. जाताना ती जिन्यात क्षणभर थांबली. त्याने पेटी खाली नेऊन देतो म्हटलं, आणि ती त्याच्या हातून निसटली.

पुढे आईने दाखवलेल्या प्रत्येक मुलीत त्याला काही ना काही खोट सापडत गेली. शेवटी आई थकली आणि लोकांनीही विचारायचं सोडलं. यतीन चोपन्न वर्षांचा झाला. दिवसभर कामात त्याला कशाची आठवण यायची नाही, हे खरं. पण एक प्रश्न त्याच्याबरोबर म्हातारा होत आला होता. ती आपल्याकडे बघत होती, की नुसती भुंग्यापासून सुटत होती? उत्तर त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. ट्रान्सफॉर्मरची करामत. हे उत्तर मनाला बोचायचं, पण त्याच्यावर निजता यायचं.

“पुढे काका?” तनयाने विचारलं.

यतीनने जुन्या पिकअपचा आवाज फोनवर उतरवून घेतला, तारा सैल केल्या आणि वरची पट्टी उचलली. आत वडिलांच्या पद्धतीने चिकटवलेला कागदाचा तुकडा होता, त्यावर त्याच्याच अक्षरात गिटार घेतल्याची तारीख. तो त्याने जागच्या जागी राहू दिला.

पहिला संच बसवायला तासभर लागला. तेवढ्यात तनया खाली जाऊन छोले भटुरे खाऊन आली आणि त्याच्यासाठी बांधूनही घेऊन आली. हे नवे पिकअप बॅटरीवर चालणारे होते. त्यांच्या पोटातच एक चिमुकला अॅम्प्लिफायर असतो, बाहेरची कुजबुज ते आत येऊच देत नाहीत. चौकोनी बॅटरी गिटारच्या पोटात ठेवायची आणि वाजवून झालं की केबल आठवणीने काढायची, नाहीतर बॅटरी बसते. यतीनने हे तिला दोनदा सांगितलं, कारण सुनेत्रा केबल काढायला कायम विसरायची.

अॅम्प्लिफायर चालू केला तेव्हा दोघांनाही आधी वाटलं की तो बंदच आहे. एवढी शांतता. तनयाने तार छेडली आणि सूर लखलखीत बाहेर आला, कडक, काठाकाठाने कापल्यासारखा स्वच्छ.

“मस्त आहे ना,” ती म्हणाली. “एकदम क्लीन.”

“डोळे मिटून ऐक. दुसरा लावतो तेव्हाही मिट.”

दुसऱ्या संचातही भुंगा नव्हता, पण सूर थोडा गोल होता. जाड तारेला भरीव, बारीक तारेला किंचित ओलसर. यतीनने तिला दोन्ही वेळा तोच तुकडा वाजवायला लावला, तेवढ्याच जोराने. मग फोनवर उतरवलेले तिन्ही आवाज, जुना आणि दोन नवे, उलटसुलट क्रमाने लावून दाखवले. पहिला संच प्रत्येक सूर सुटा सुटा मोजून देत होता. दुसऱ्यात एक सूर पुढच्यात जरासा मिसळत होता, जुन्यात मिसळायचा तसा. तनयाने तिन्ही वेळा दुसऱ्यावर बोट ठेवलं. यतीनचं मतही तेच होतं.

तरी त्याने लगेच तसं सांगितलं नाही. जुन्या पिकअपमध्ये काय वाईट होतं, असं त्याने विचारलं. आवाज अजून सुंदर आहे, भुंगा काय, जरा वळून बसलं की झालं.

“तेच तर होत नाही ना,” तनया म्हणाली. “आईला सर्वायकल आहे. डॉक्टरने सांगितलंय, सरळ पाठीच्या खुर्चीत बसायचं, बस्स. बाबांनी तिच्यासाठी खुर्ची बनवून घेतली, पण ती जिथे आहे तिथे भिंतीत सगळ्या वायरी. बसली की भुंगा. दहा मिनिटांत ठेवून देते. मतलब, दोन वर्षं तिने नीट वाजवलंच नाहीये. म्हणून बाबा शोधत बसले होते, असं काय मिळतं ज्यात वळायला लागत नाही.”

यतीनने मान हलवली. विश्वजितांबद्दल मनात थोडीफार अढी ठेवायची त्याला इतक्या वर्षांची सवय होती. आता तीही धड ठेवता येईना. माणसाने बायकोसाठी जगभर शोधून शांतता विकत आणली होती. ती बसवायचं काम फक्त यतीनचं होतं, कर्ण्यांसारखंच.

“दुसरा ठेवू,” तो म्हणाला. “पहिला परत पाठवा.”

तनया खूश झाली. काम झाल्याच्या आनंदात तिने गिटार पोटाशी धरली आणि पायाने रेटा देऊन स्टूल गर्रकन फिरवलं. एकदा, दोनदा. आवाजात तसूभर फरक पडला नाही.

“बघा, कुठेही तोंड केलं तरी सेम. जुन्याला बिचाऱ्याला दोनच जागा होत्या.” स्टूल थांबवून तिने पायाने खडूच्या बाणाकडे खूण केली. “ही एक, आणि बरोबर याच्या उलटी, तिकडे खिडकीकडे. आईने मला शिकवतानाच सांगितलं होतं. भुंगा गप्प होतो अशा जागा दोन असतात, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून. मग कुठे बघायचं ते आपण ठरवायचं.”

यतीन वरच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू उचलत होता. तो त्याच्या बोटांतून सुटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायला यतीन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. एवढ्या वर्षांत शेकडो गिटारी या स्टुलावर फिरल्या होत्या आणि अर्धा फेरा झाला की भुंगा पुन्हा विझतो हे त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं. पण ते ज्ञान दुकानातलं. ते घेऊन तो त्या मागच्या खोलीत एकदाही परत गेला नव्हता. त्या खोलीत तो अजून बावीस वर्षांचाच होता, वायर धरून बसलेला.

“तुझ्या आईला हे कधी कळलं?” त्याने टेबलाखालूनच विचारलं.

“कॉलेजमध्ये असताना. कुठल्यातरी क्वार्टरमध्ये प्रॅक्टिस करायचे ना ते लोक. म्हणते, पहिल्याच दिवशी कळलं. एका बाजूला बाल्कनी होती, समोर मोठा अमलतास, पिवळाधम्मक.”

“बहावा,” यतीन म्हणाला.

“काय?”

“मराठीत त्याला बहावा म्हणतात. आणि दुसऱ्या बाजूला?”

“ते नाही सांगत ती. मी विचारलं होतं. म्हणाली, आठवत नाही.” तनयाने खांदे उडवले. “भिंत असेल.”

स्क्रू सापडला होता. यतीन वर आला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. फुललेला बहावा त्यालाही आठवत होता. ट्रंकेवरून मान वर केली की सुनेत्राच्या खांद्यावरून तो दिसायचा. तिने नुसती पाठ फिरवली असती तर अख्खं झाड तिला बघायला मिळालं असतं, आणि भुंगाही गप्प राहिला असता. ती पहिल्याच दिवसापासून हे जाणून होती. रोज दोन-दोन तास, अख्खा उन्हाळाभर, ती बहाव्याकडे पाठ करून बसली होती.

आनंद झाला की दुःख, हे त्याला ठरवता येईना. जिन्यात ती कशासाठी थांबली होती हे त्याला कळलं, आणि पेटी हातातून का निसटली हेही.

त्याने उरलेले स्क्रू बसवले. तारा लावल्या, सुरात आणल्या, बॅटरीचं झाकण दाबून पाहिलं. काढलेले तीन जुने पिकअप त्याने मऊ कापडात गुंडाळून पाकिटात घातले. तनया म्हणाली, ते आता घरी नेऊन काय करणार, तुमच्याकडेच राहू दे. क्षणभर त्याचा हात पाकिटावर राहिला. मग काढलेलं सामान मालकाकडेच जातं, दुकानाचा नियम आहे, असं सांगून त्याने ते पेटीच्या कप्प्यात ठेवलं.

कार्ड राहिलं होतं. काय आलं, काय बसवलं, काय काढलं, हे त्याने भरलं. शेऱ्याच्या जागी येऊन तो थांबला. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरच्या बाणापर्यंत पोचलं होतं. त्याने खडू उचलला, खाली बसला, आणि बाणाच्या शेपटीलाही एक टोक काढलं, खिडकीच्या दिशेने. मग उठून त्याने शेरा लिहिला, तारांखाली कार्ड सरकवलं आणि तनयाला एकदा वाचून घ्यायला सांगितलं. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तो हेच सांगायचा.

तनयाने ते मोठ्याने वाचलं.

“जुन्या पिकअपला शांत जागा दोन असतात. मला एकच माहीत होती.” तिने वर पाहिलं. “पण काका, हे तर आईला माहीतच आहे. मी आत्ता सांगितलं ना तुम्हाला.”

“हो.”

“मग लिहिलं कशाला?”

यतीनने झाकण लावलं. दोन खटके सरळ मिटले. तिसरा त्याने अंगठ्याने आत दाबला आणि उजवीकडे सरकवून बसवला.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला, “हे तिला माहीत नसेल.”